लाल तेलाचा माग

गाडीखाली तेल पडलेलं दिसलं की आमच्याकडचा माणूस पहिलं काम करतो ते म्हणजे चपलेनं ते मातीत घोटून टाकतो. मग चार दिवसांनी माझ्या गॅरेजवर येऊन सांगतो, "भाऊ, खालून थोडंसं टपकून रायलं." कुठून? माहीत नाही. किती? थोडंसं. रंग? "तेलासारखा."

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो. रात्री गाडी लावली की खाली एखाद्या खोक्याचा पुठ्ठा फाडून पसरा आणि सकाळी तोच पुठ्ठा मला दाखवायला आणा. काळा डाग असेल तर इंजिनचं तेल. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट. घट्ट, पिवळट आणि नाकात बसणाऱ्या वासाचं असेल तर गिअरबॉक्स नाहीतर मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊनचं नव्वद नंबर तेल. नुसतं पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी सोडा. आणि डाग लाल असेल तर मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

माझं गॅरेज समुद्रपूर तालुक्यात, जामच्या बाजूला आहे. जामच्या चौकातून एक रस्ता नागपूरला, एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे आणि एक चंद्रपूरकडे फुटतो. त्यामुळे तालुक्यातल्या ट्रॅक्टर-पिकअपसोबत महामार्गावर रुसलेली परप्रांताची गाडीही माझ्याकडे येते. लाल तेल इथल्या प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक आहे, पण ते "पॉवर स्टिअरिंगचं तेल" म्हणून. बोलेरो पिकअपच्या स्टिअरिंगचा पाइप पाझरला की तेच टपकतं, दुकानात तेच मिळतं, डबा उघडून ओतलं की काम झालं. याच सवयीनं ऑटोमॅटिक गाड्यांचा घात होतो. तिथे लाल तेल गिअरबॉक्समध्ये असतं, आणि त्याचं काम नुसत्या वंगणाचं नसतं.

साध्या गिअरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट असते. ऑटोमॅटिकमध्ये तिच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलानं भरलेला गोल डबा बसवलेला असतो. माठात रवी फिरली की ताक फिरतं. त्या फिरत्या ताकात दुसरी रवी सोडली तर तीही फिरायला लागेल. इंजिन पहिली रवी फिरवतं, दुसरी रवी गिअरबॉक्सला जोडलेली असते आणि मधलं तेल ताकद पोचवतं. दोन्हींच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद तेल घुसळण्यात वाया जाते आणि तिची उष्णता होते. मागे ट्रॉली लावली, चढ आला, चिखलात चाक फसलं की हा फरक वाढतो आणि तेल तापत जातं. शिवाय गिअर बदलतात तेही याच तेलाच्या दाबावर. गिअरबॉक्सच्या आत वेगळ्या क्लचप्लेटा असतात, त्या आवळून धरायला दुसरं काहीच नसतं.

एवढं काम करणारं तेल थंड राहावं म्हणून गिअरबॉक्सचा पंप ते सतत पुढे, रेडिएटरकडे पाठवतो. काही गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच एक छोटा कूलर दडवलेला असतो, काहींत जाळीमागे वेगळा कूलर असतो. एका पाइपानं गरम तेल जातं, दुसऱ्यानं निवून परत येतं. हे दोन पाइप म्हणजेच कूलर लाइन. बोटाएवढी जाड पोलादी नळी, मधे-शेवटी रबराचा तुकडा, चेसिसला क्लिपांनी धरलेली. चालू गाडीत तेल तब्येतीत असेल तर साधारण 80 ते 95 अंशांवर असतं. 120 च्या वर ते जळायला लागतं, आणि नंतरच्या प्रत्येक दहा अंशांना त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे.

लाइन पाझरली की तेल कमी होतं. तेल कमी झालं की उरलेलं जास्त तापतं, दाब पडतो, क्लचप्लेटा घसरतात, घसरल्या की आणखी तापतात. आणि लाइन फुटलीच, तर पंप स्वतःच सगळं तेल काही मिनिटांत रस्त्यावर ओतून मोकळा होतो. पाइप स्वस्त असतो. त्याच्यापायी जाणारा गिअरबॉक्स लाखाच्या घरात जातो.

आता कोणी म्हणेल, समुद्रपुरात ऑटोमॅटिक पिकअप आहेत किती? फार नाहीत. इथली पिकअप म्हणजे हातानं गिअर टाकायची बोलेरो किंवा टाटाची गाडी, तिला असली लाइनच नसते. पण इसुझूची व्ही-क्रॉस ऑटोमॅटिकमध्ये आली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात आली, आणि अशा गाड्या शहरात वापरून झाल्या की जुन्या बाजारातून खेड्यात उतरायला लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, खोदणारं मशीन. कंपनी कुठलीही असो, आम्ही त्याला जेसीबीच म्हणतो. त्यालाही टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्याच्याही गिअरबॉक्सचं तेल होज पाइपांतून पुढच्या कूलरला जाऊन येतं. शेततळं, नाला खोलीकरण, पांदण रस्ता, कुठेही बघा, मशीन एकाच जागी पुढे-मागे करत दिवसभर घुरघुरत असतं. पळत्या गाडीला वारा मिळतो, याला नुसता पंख्याचा आधार. सोयाबीन काढणीच्या दिवसांत उडणारं कुटार कूलरच्या जाळीत जाऊन बसतं, वरून धूळ, आणि मग ऑपरेटर म्हणतो, "दुपारी मशीन दम नाई घेत." कूलर धुतला की दम घेतं. नाही धुतला तर होजचं रबर भाजून कडक होतं आणि जिथे ते लोखंडी टोकात दाबलेलं असतं, तिथून पाझरायला लागतं. पण या ऑपरेटर लोकांचं मला कौतुक आहे. सकाळी मशीन सुरू करण्याआधी ते खाली वाकून बघतात. पिकअपवाला वाकत नाही.

या तेलाचा इतिहासही गमतीचा आहे. जनरल मोटर्सनं 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये हायड्रामॅटिक नावाचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, तिथून या प्रकाराची खरी विक्री सुरू झाली. पुढे कित्येक वर्षं या तेलात चक्क स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळायचे. प्लेटा झटका न देता धराव्यात, यासाठी. 1970 च्या दशकात अमेरिकेत देवमाशाच्या तेलावर बंदी आली, कंपन्यांनी घाईघाईनं दुसरा मसाला घातला, आणि त्या नव्या तेलानं कूलरचे सांधेच खायला सुरुवात केली. मग गंज रोखणारं औषध घालून पुन्हा नवं तेल काढावं लागलं. तेव्हा "तेल ते तेल" म्हणणाऱ्याला मी ही गोष्ट ऐकवतो. कूलर लाइनची गळती आणि चुकीचं तेल यांचं नातं जुनं आहे. लाल रंग मात्र नुसता ओळखीसाठी घातलेला असतो. एकाच लाल रंगाच्या दोन डब्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि काही नव्या गिअरबॉक्सचं तेल लाल नसतंही.

तर मागच्या उन्हाळ्यात गिरडकडचा एक शेतकरी अशीच एक ऑटोमॅटिक पिकअप घेऊन आला. नागपूरच्या एका ठेकेदाराची जुनी, चारही चाकं ओढणारी. हिंगणघाटच्या बाजारात कापूस न्यायचा, येताना खत आणायचं, मधल्या दिवसांत मागे ट्रॉली. तक्रार त्यानं अशी सांगितली की माझ्याकडच्या पोरानं ती पाठच करून टाकली: "गिअर टाकला का गाडी दोन मिनटं विचार करते, मंग चालते."

डी मध्ये टाकल्यावर गाडी लगेच ओढायला हवी. थांबून, झटका देऊन ओढत असेल तर तेल कमी आहे किंवा आत काही झिजलं आहे. खाली गेलो तर इंजिनच्या खालच्या पत्र्यापासून मागच्या क्राऊनपर्यंत सगळं ओलं, आणि त्यावर आमची काळी माती चढून लापशी झालेली. इथे घाई करणारा फसतो. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो, ते चेसिसवरून वाहत जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. गळती शोधायची तर टपकतं तिथे न बघता सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. ती दिसावी म्हणून आधी सगळं धुऊन, पुसून, कोरडं केलं. स्टिअरिंगच्या तेलाची बाटली पाहिली, ती पातळीवर होती, म्हणजे तो पाइप निर्दोष सुटला. मग लाइनवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरली आणि गाडी सुरू ठेवली. पांढऱ्या पावडरीवर तेलाचा टिपका उठायला फार वेळ लागत नाही.

टिपका उठला तो चेसिसच्या क्लिपखाली. तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्याखाली दोन पुड्या मिसळून लावतात ते सील थापलेलं. कोणीतरी आधीच उपचार करून गेला होता. गरम तेलापुढे ट्यूबचं रबर फुगून मऊ होतं आणि तेलकट लोखंडाला सील धरत नाही, त्यामुळे तो उपचार पुठ्ठ्यावरचा डाग थोडा लहान करण्यापलीकडे गेला नव्हता. पट्टी सोडली, क्लिप उघडली. क्लिपच्या आतल्या रबरात माती आणि पांढरट खडे दाबून बसले होते, आणि बरोबर तिथेच नळीला गंजून टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलेलं.

अमेरिका-कॅनडात या लाइन गंजतात, कारण तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आमच्या रस्त्यांवर मीठ नाही. पण शेतात टाकतो ते पोटॅश खत म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश, पोटॅशियम क्लोराइड. तेही एक मीठच, आणि क्लोराइड लोखंडाला काय करतं ते त्या नळीवर दिसत होतं. फाटक्या पोत्यातून खत गाडीच्या मागच्या डाल्यात सांडतं, डाल्याच्या फटीतून चेसिसवर उतरतं, पावसाळी हवेत ओल धरतं आणि क्लिपसारख्या कोंदट जागी बसून राहतं. वरून काळी माती, जी एकदा चिकटली की आठवडाभर ओलावा सोडत नाही. डाल्याला रंग मारून घेणारे पुष्कळ भेटतात, पण डाल्याखाली काय चाललं आहे ते बघायला कोणी जात नाही.

मालकाचं म्हणणं होतं, तेवढा तुकडा कापून रबरी पाइप जोडून द्या. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कूलर लाइनमध्ये ब्रेकसारखा प्रचंड दाब नसतो. रात्री महामार्गावर कुटुंबासह अडकलेल्या माणसाला मीही असं करून देतो. पण तिथेही रीत आहे. होज त्या तेलासाठी आणि त्या तापमानासाठी बनवलेला हवा, पाण्याचा किंवा डिझेलचा नको. नळीचं टोक नुसतं कापून घुसवायचं नाही, त्याला गोल उंचवटा पाडायचा, म्हणजे होज सरकत नाही, आणि दोन्ही बाजूंना दाबाचे चांगले क्लॅम्प. पितळी रिंग दाबून करतात तो सांधा मी लावत नाही. चेसिसच्या थरथरीनं नळी त्यातून हळूहळू निसटते. हे सगळं घरी पोचण्यापुरतं. जो माणूस उद्या पुन्हा खत भरून ट्रॉली ओढणार आहे, त्याच्या गाडीत मी सांधा ठेवत नाही. एका क्लिपखाली छिद्र पडलं तर उरलेल्या क्लिपांखाली काय चाललं असेल? आणि परतीची लाइन तेवढ्याच वयाची, तशाच क्लिपांत. दोन्ही लाइन बदलायच्या, असं ठरलं. माल नागपूरहून येईपर्यंत गाडी उभी राहिली, आणि तो रोज फोन करून "आली का?" विचारत राहिला.

काम तसं अवघड नाही, पण हात आवरून करायचं आहे. गाडी पूर्ण थंड. जॅकवर भरवसा न ठेवता खाली घोड्या लावलेल्या. लाइन सोडली की निघणारं तेल मोजता येईल अशा भांड्यात धरायचं, कारण जेवढं निघालं तेवढं पहिल्यांदा परत भरायचं असतं. रेडिएटरजवळचा नट वर्षानुवर्षं हललेला नसतो. त्याला आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल पाजून ठेवलं होतं. साध्या फिक्स पान्यानं हा नट दोन बाजूंनीच धरला जातो आणि गोल होतो. त्यासाठी रिंग पान्यासारखा, पण नळी आत जावी म्हणून एका बाजूनं कापलेला पाना येतो, तोच वापरायचा. आणि एका हातानं नट सोडताना दुसऱ्या पान्यानं रेडिएटरकडचं टोक पक्कं धरायचं. ते टोक नटाबरोबर फिरलं तर आतल्या कूलरचा सांधा तुटतो, पाइप बदलायला आलेली गाडी रेडिएटर बदलून जाते.

या गाडीत गिअरबॉक्सच्या बाजूला नट नव्हता, दाबून बसवायचा सांधा होता. त्यात तारेची एक बारीक क्लिप असते. ती काढताना उडते आणि गॅरेजच्या मातीत पडली तर दुर्बीण लावूनही सापडत नाही. म्हणून मी नवीन क्लिप आधीच मागवतो आणि जुनी काढताना वरून हात झाकून धरतो. नवी लाइन आत ढकलल्यावर टक्क असा आवाज आला पाहिजे आणि ओढून पाहिल्यावर ती हलता कामा नये. आवाज नाही आला, तर बसली नाही. ओरिंग नवी, तिला त्याच तेलाचा हात. नटाच्या पहिल्या चुड्या बोटांनी, पाना नंतर. ॲल्युमिनियमच्या टोकावर वाकडा चढलेला नट चुड्या खाऊनच बाहेर येतो. शेवटचा आवळा टॉर्क रेंचनं, कंपनीनं दिलेल्या आकड्यावर. नळी जुन्या वाटेनंच न्यायची. सायलेन्सरपासून लांब आणि कुठे घासणार नाही अशी. प्रत्येक क्लिप परत लावायची, "दोन पुरे" म्हणायचं नाही.

एक तपासणी मी या सगळ्याच्या आधी करतो. रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडून कूलंट बघतो आणि गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेतो. रेडिएटरच्या आतला कूलर फुटलेला असेल तर तेल आणि पाणी एकमेकांत जातात आणि गुलाबी दुधासारखा रंग येतो. गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं की प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागतं, मग बाहेरच्या नव्या लाइनला काही अर्थ उरत नाही. इथे तसं नव्हतं. तेल मात्र तपकिरी झालेलं, करपल्याचा वास येणारं. म्हणून खालचं चेंबर उघडलं. आतल्या चुंबकावर राखाडी लगदा होता, ते चालण्यासारखं. धातूच्या कपच्या असत्या तर मी मालकाला बसवून वेगळं बोललो असतो. फिल्टर बदलला, पॅकिंग बदललं.

तेल भरणं ही खरी परीक्षा. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नव्हती. अशा गाड्यांत इंजिन चालू ठेवून खालचा एक बोल्ट उघडतात आणि जास्तीचं तेल त्यातून बारीक धारेनं गळून थांबलं की पातळी बरोबर समजतात. पण तेल तापलं की फुगतं, म्हणून हे ठरावीक तापमानातच करायचं. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, अनेकांत तो 35 ते 50 अंशांच्या आसपास असतो. आता मे महिन्यात आमच्याकडे दुपारी सावलीतच पारा 45 ला टेकतो. उन्हात उभ्या गाडीचं तेल सुरू करायच्या आधीच त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असतं. तेव्हा पातळी लावली तर फुगलेलं तेल वाहून जातं आणि गाडी कमी तेलावर बाहेर पडते. परदेशी पुस्तकात ही अडचण लिहिलेली नसते. त्यामुळे हे काम मी भल्या सकाळी, गॅरेजचं शटर अर्धं वर असताना करतो. स्कॅनर जोडून तापमान बघत, पी, आर, एन, डी असे सगळे गिअर एकेकदा फिरवून, लाइनमध्ये तेल भरू देतो आणि मग बोल्ट उघडतो. तेल पुस्तकात लिहिलेलं तेच, भले डबा नागपूरहून आणावा लागो.

फेरी मारायला मालकालाच बसवलं. डी मध्ये टाकलं, गाडी विचार न करता निघाली. "आता काय बोलते?" मी विचारलं. "आता आयकते," तो म्हणाला. जामपासून नंदोरीच्या दिशेनं जाऊन आलो, पुन्हा खाली पुठ्ठा टाकला, सांधे कोरड्या फडक्यानं पुसून पाहिले. दोन-चार दिवस चालवून परत दाखवायला सांगितलं, कारण नवा सांधा तापून-निवून झाल्यावरच खरं सांगतो. निघालेलं जळकं तेल तो कुंपणाच्या खांबांना लावायला मागत होता, वाळवी लागू नये म्हणून. ते दिलं नाही. आमच्याकडे खांबाखाली माती आणि मातीखाली विहिरीचं पाणी. असं तेल ड्रममध्ये साठतं आणि ते नेण्याचा परवाना असलेल्या माणसाला जातं.

त्याच्याशी खरा वाद झाला तो बिलावर नाही, धुण्यावर. मी म्हटलं, खताची फेरी झाली की गाडी खालून धुवायची, डाल्याला ताडपत्री अंथरायची. तो म्हणाला, उन्हाळ्यात संत्र्याला पाणी पुरत नाही, गाडीला कुठून आणू? शेवटी मधला मार्ग निघाला. पेरणीच्या हंगामात खत वाहून संपलं की एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, वॉशिंग सेंटरवर रॅम्पवर चढवून फक्त चेसिस धुवायची. क्लिपांच्या मागून पाणी मारायचं. कूलरच्या जाळीवर मात्र मशीनची धार जवळून धरू द्यायची नाही, पत्र्या आडव्या होतात आणि वारा बंद होतो; तिथे आतून बाहेर, हलक्या पाण्यानं. मी हे त्याच्या समोर वॉशिंगवाल्याला फोनवर सांगितलं. वॉशिंगवाला म्हणाला, "वरून धुतलेली गाडी चमकते भाऊ, खालून धुतल्याचे पैसे कोणी देत नाई." मालक म्हणाला, मी देतो.